खाणगावाचे दप्तर

मराठी मुलखातल्या एखाद्या गावाचा इतिहास लिहायला बसणाऱ्याला काही गोष्टी आयत्या मिळतात. पाटील-कुलकर्ण्यांच्या वतनाचे कागद असतात, देवस्थानाच्या इनामाची सनद असते, बलुतेदारांचे तंटे असतात. आणि यातले काहीच हाती लागले नाही तरी ग्रामदैवताची आख्यायिका असतेच. पांढरी कुठे आणि काळी कुठे एवढे कळले की गाव अर्धे समजते. राजवाड्यांच्या पिढीपासून आपण असेच रुमाल सोडत आलो. त्यामुळे ज्या गावाला वतन नाही, शेत नाही, जुने देऊळ नाही आणि ज्याच्या एकाही रहिवाशाचा आजा तिथे जन्मलेला नाही, अशा गावाला इतिहास कसला, असे आपल्याला सहज वाटून जाते.

खाणगाव हे असे गाव असते. कालपर्यंत तिथे उघडा डोंगर होता, आज तिथे दहा हजार माणसे राहतात, आणि परवा तिथे कोण असेल याची खात्री खुद्द त्या दहा हजारांनाही नसते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या पश्चिमेकडे अशी गावे शेकड्यांनी उगवली आणि बहुतेक मावळली. त्यांचा स्थानिक इतिहास ही आता अभ्यासाची चांगली भरलेली शाखा आहे. मराठीत मात्र या विषयाची ओळख बहुधा चित्रपटांतून झालेली असते: धुळीचा रस्ता, झुलते दार, कमरेला पिस्तूल. तिच्या पलीकडे जाऊ पाहणाऱ्या वाचकासाठी ही प्रस्तावना आहे.

या क्षेत्राबद्दल माझे म्हणणे असे. खाणगावाने शेतीच्या गावापेक्षा कितीतरी जास्त कागद मागे ठेवले, कारण तिथल्या प्रत्येक वस्तूवर कुणाचा ना कुणाचा पैसा लागलेला होता. जमिनीखालच्या धातूवर, वरच्या घरावर, त्या घराला लागू शकणाऱ्या आगीवरसुद्धा. ज्याच्यावर कुणाचाच पैसा लागलेला नव्हता, तो माणूस कागदावर दिसत नाही. म्हणून इथला कोणताही कागद हाती आला की त्यात काय लिहिले आहे याच्या आधी, तो लिहिण्याचा खर्च कुणी केला, हे विचारावे.

सगळ्या खाणगावांबद्दल एकदम बोलण्यात काही हशील नाही. नेव्हाडातल्या व्हर्जिनिया सिटीपुरते मी बोलतो.

या गावाच्या जन्माची कथा सगळीकडे सापडते, तेव्हा ती दोन ओळींत आटोपू. 1859 च्या जूनमध्ये पीटर ओरायली आणि पॅट्रिक मॅक्लॉक्लिन हे दोन आयरिश प्रॉस्पेक्टर एका घळीच्या तोंडाशी सोने धुवून काढत होते. काळसर निळा चिकट गाळ त्यांच्या कामात सारखा आडवा येई आणि ते तो फेकून देत. त्या गाळाचा कॅलिफोर्नियात कस लावला तेव्हा तो चांदीने गच्च भरलेला निघाला. हेन्री कॉमस्टॉक नावाचा एक बोलघेवडा मध्येच येऊन भागीदार झाला, त्याचे नाव त्या शिरेला मिळाले, आणि स्वतःचा हिस्सा किरकोळ पैशांत विकून तो निघून गेला. पुढच्या वीस-एकवीस वर्षांत कॉमस्टॉक शिरेतून सुमारे 30 कोटी डॉलरची चांदी आणि सोने निघाले. समुद्रसपाटीपासून सहा हजार फुटांवर, डोंगराच्या उतारावर, जिथे प्यायला पुरेसे पाणीही नव्हते, तिथे एक शहर उभे राहिले. 1870 च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या 7,048 होती, 1880 मध्ये 10,917.

आता कागदांकडे वळू. सुरुवातीला तिथे सरकार असे नव्हतेच. तो मुलूख तेव्हा युटा प्रदेशाचा दूरचा पश्चिम कोपरा होता. खाणवाल्यांनी बैठक घेऊन आपले नियम केले, एक नोंदणीदार निवडला आणि एक वही घातली. शेजारच्या गोल्ड हिलचा पहिला नोंदणीदार हाउसवर्थ नावाचा लोहार होता. ही वही गुत्त्यात गल्ल्यामागच्या फळीवर ठेवलेली असे. ज्याला बघायची असेल तो ती उचली, आणि एखाद्याच्या मनात आले तर आतला आकडा खोडून दुसरा घाली. पुढे कोट्यवधी डॉलरच्या खाणींची मालकी ठरवताना कोर्टापुढे पुरावा म्हणून आली ती हीच वही.

अशी वही असल्यावर भांडणे होणारच. त्यात खनिजाची शीर जमिनीखाली तिरकी धावते. वरच्या मोजणीनुसार ती माझ्या हद्दीत सुरू होते आणि शंभर फूट खाली तुमच्या हद्दीत शिरते. मग ती कुणाची? जिच्या डोक्याचा मालक तो, त्याने ती खाली कुठेही जावो तिच्यामागे जावे, असा खाणवाल्यांचा रिवाज होता, आणि 1872 च्या खाण कायद्याने तो देशभर पक्का केला. पण डोंगराखाली एकच शीर आहे की अनेक, यावर सारा खेळ होता. एकच म्हटली तर जुन्या कंपन्या जिंकत, अनेक म्हटल्या तर नवे दावेदार. विल्यम स्ट्यूअर्ट या वकिलाने एकाच शिरेची बाजू लढवून संपत्ती मिळवली आणि पुढे सिनेटरपद मिळवले. न्यायाधीशांवर लाचखोरीचे आरोप इतके वाढले की 1864 च्या ऑगस्टमध्ये प्रादेशिक न्यायाधीशांना राजीनामे द्यावे लागले.

स्थानिक इतिहासकाराला या दाव्यांच्या निकालांत फारसे मिळत नाही. त्याची कमाई जबान्यांत असते. एखाद्या कंपनीच्या वकिलाला सिद्ध करायचे असते की अमुक महिन्यात अमुक ठिकाणी शाफ्ट दहा फूट खोल होता. त्यासाठी तो गाडीवानाला, स्वयंपाक्याला, लोहाराला पिंजऱ्यात उभे करतो. तो माणूस सांगतो, मी तेव्हा तिथे तंबूत राहत होतो, पाणी तिकडून आणत होतो, शेजारी अमका होता. ज्याने आयुष्यात स्वतःहून एक ओळ लिहिली नसती त्याचे बोलणे असे शब्दशः उतरलेले सापडते. आपल्याकडच्या महजरांशी परिचय असलेल्या वाचकाला ही चव ओळखीची वाटेल.

दुसरा कागद विम्याचा. लाकडी गाव, कोरडी हवा, वारा, आणि घरोघरी चूल. आग हीच खाणगावाची पटकी. 26 ऑक्टोबर 1875 ला पहाटे एका खानावळीत लागलेल्या आगीने व्हर्जिनिया सिटीचा मध्यभाग खाऊन टाकला. सुमारे दोन हजार इमारती गेल्या. अशा गावात विमा उतरवायचा तर कंपनीला घर डोळ्यांनी पाहता आले पाहिजे, आणि न्यूयॉर्कच्या कचेरीत बसलेल्या माणसाला ते कसे दिसणार? सॅनबॉर्न कंपनीने यावर नकाशे काढले. इंचाला पन्नास फूट या प्रमाणात गल्लीतली एकूण एक इमारत दाखवलेली, विटांची गुलाबी रंगात, लाकडाची पिवळ्या. मजले किती, छप्पर कशाचे, भट्टी कुठे, रात्री पहारेकरी असतो की नाही, सगळे त्यावर टिपलेले. हे नकाशे पहिल्यांदा पाहताना माणूस हरखून जातो, आणि ते साहजिक आहे. काही चौकोनांत ‘फीमेल बोर्डिंग’ असे शब्द दिसतील. मुली राहण्याची सोय समजून पुढे जाऊ नका. विमा कंपनीने वेश्यागृहासाठी काढलेला तो सभ्य शब्द आहे. कंपनीला नीतीशी कर्तव्य नव्हते, पण अशा घरात दिवे रात्रभर जळतात याच्याशी होते. चिनी वस्तीतल्या घरांवर नुसते ‘चायनीज’ असते. आत धोबी आहे, वाणी आहे की वैद्य, हे पुष्कळदा लिहिलेलेच नसते. तिथे कंपनीचा पैसा लागायचा नव्हता.

तिसरे साधन जनगणनेचे. 1850 पासून अमेरिकेत प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव नोंदू लागले. 1880 मध्ये कुटुंबप्रमुखाशी नाते काय हेही पहिल्यांदा विचारले गेले, आणि वर्षभरात किती महिने काम नव्हते असाही एक रकाना होता. उतरणीला लागलेल्या खाणगावात तो रकाना वाचावा. आयरिश विधवा, तिची चार मुले आणि तिच्या घरी पैसे देऊन राहणारे सहा कॉर्निश खाणकामगार, असे एक घर एका पानावर दिसते. विधवेच्या व्यवसायाच्या रकान्यात मात्र ‘घर सांभाळते’ एवढेच. दहा जणांचा दोन वेळचा स्वयंपाक, धुणे आणि पाणी या कामावर ते घर चालत होते. मोजणाऱ्याच्या लेखी तो व्यवसाय नव्हता.

जनगणनेची दुसरी अडचण काळाची आहे. ती दर दहा वर्षांनी येते, आणि खाणगाव तिची वाट पाहत थांबत नाही. व्हर्जिनिया सिटीचे ऐश्वर्य 1873 साली बोनान्झा नावाने गाजलेल्या प्रचंड साठ्याच्या शोधापासून सुरू झाले आणि 1880 पर्यंत ओसरलेही. म्हणजे मधला सगळा भरतीचा काळ दोन मोजण्यांच्या फटीत गेला. नेव्हाडा राज्याने 1875 मध्ये स्वतःची गणना केली म्हणून निभावते. 1890 च्या जनगणनेचे कागद तर 1921 साली वॉशिंग्टनमधल्या आगीत बहुतेक सगळे गेले. गाव रिकामे होत गेले ती वीस वर्षे त्यामुळे अंधारात राहिली. चढत्या काळावर पुस्तकेच पुस्तके आहेत. पडत्या काळावर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. नव्या अभ्यासकाला जागा हवी असेल तर ती इथे आहे.

वर्तमानपत्रांचे काय? ‘टेरिटोरियल एंटरप्राइझ’ 1858 मध्ये निघाले आणि 1860 मध्ये व्हर्जिनिया सिटीत आले. सॅम्युएल क्लेमेन्स तिथे बातमीदार होता आणि मार्क ट्वेन हे नाव त्याने 1863 च्या फेब्रुवारीत तिथेच पहिल्यांदा वापरले. मौजेखातर तो बातम्या रचत असे. एकदा डोंगरात दगड झालेला माणूस सापडल्याचे छापले, पुढच्या वर्षी एका बापाने कुटुंबाची कत्तल केल्याचे. दोन्ही धादांत खोट्या, आणि दोन्ही इतर पत्रांनी खऱ्या म्हणून उचलल्या. त्याचा सहकारी विल्यम राइट, टोपणनाव डॅन डी क्विल, हाही त्या कलेत मागे नव्हता; पण त्याचे 1876 चे ‘बिग बोनान्झा’ हे पुस्तक खाणीच्या आतल्या कामाच्या वर्णनासाठी आजही उघडावे लागते. या पत्राच्या 1860 च्या दशकातल्या बहुतेक अंकांच्या मूळ प्रती आज नाहीत. ट्वेनचे तेव्हाचे लिखाण आपल्यापर्यंत पोचले ते इतर पत्रांनी पुन्हा छापले म्हणून आणि कुणीतरी कात्रणे चिकटवून ठेवली म्हणून. बातमीदारांत माझा भरवसा आल्फ्रेड डोटनवर जास्त. त्याने 1849 मध्ये मॅसॅच्युसेट्सहून जहाज सुटल्यापासून 1903 मध्ये मरेपर्यंत रोजनिशी लिहिली. 79 वह्या भरल्या. हवा, नाटक, दारू, खाणीतले अपघात, स्वतःच्या भानगडी, सगळे त्याच कोरड्या सुरात. वॉल्टर व्हॅन टिलबर्ग क्लार्क या कादंबरीकाराने त्यांचे संपादन केले आणि 1973 मध्ये ते तीन खंडांत छापून आले. गावाच्या चढाइतकीच उतरणही त्यात आहे, कारण लिहिणाराही गावाबरोबर उतरत गेला.

एवढे कागद असूनही ज्यांच्यासाठी कुणी एक पान लिहिले नाही अशी माणसे गावात होतीच. पहिले पायूट, ज्यांची ती भूमी होती. 1860 मध्ये पिरॅमिड सरोवराजवळ त्यांची आणि खाणवाल्यांची लढाई झाली. पहिल्या चकमकीत पायूट जिंकले, पुढे सैन्य आल्यावर मागे रेटले गेले. डोंगरावरच्या पिन्यॉन झाडाच्या बिया हे त्यांचे हिवाळ्याचे धान्य. ती झाडे गावाच्या चुलींत आणि खाणीच्या बॉयलरांत गेली. मग त्याच गावाच्या कडेला झोपड्या करून पायूट बाया लोकांची धुणी धुऊ लागल्या. जमातीत राहणाऱ्या, कर न भरणाऱ्या इंडियनांना जनगणनेत धरायचे नाही असा नियमच होता. सारा विनेमुक्का या पायूट स्त्रीने 1883 मध्ये इंग्रजीत आपल्या लोकांचा वृत्तांत प्रसिद्ध केला, तो त्या पोकळीतला एक मोठा अपवाद आहे.

कागद गप्प होतो तिथे माती खणावी लागते. 2000 साली व्हर्जिनिया सिटीत एका गुत्त्याच्या मागच्या मोटारतळाखाली उत्खनन झाले. तिथे 1866 पासून 1875 पर्यंत बॉस्टन सलून नावाचा गुत्ता होता. मालक विल्यम ब्राउन हा मॅसॅच्युसेट्सचा कृष्णवर्णीय. गावात आला तेव्हा रस्त्यावर बुटांना पॉलिश करत होता. त्याचे गिऱ्हाईकही मुख्यत्वे कृष्णवर्णीय. केली डिक्सन यांच्या देखरेखीखाली खणणाऱ्यांना राखेच्या थराखाली काय मिळाले? नाजूक देठाचे काचेचे पेले. पितळी वाद्याचा मुखभाग. कोकराच्या उत्तम मांसाची हाडे, शेजारच्या गोऱ्यांच्या गुत्त्यांपेक्षा वरच्या प्रतीची. लुइझियानाहून आलेल्या टबॅस्को सॉसच्या बाटलीच्या काचा, ज्या जुळवल्यावर त्या कंपनीची फार जुनी बाटली उभी राहिली. आणि मातीच्या चिलमीची एक दांडी, दातांनी चावलेली. तिच्यावरच्या लाळेच्या अंशाची तपासणी केली तेव्हा ती ओढणारी व्यक्ती स्त्री निघाली. गुत्ता म्हणजे पुरुषांचा अड्डा आणि काळ्यांचा गुत्ता म्हणजे कळकट जागा, ही दोन्ही गृहीतके त्या एका खड्ड्यात मोडली. डिक्सन यांचे 2005 चे पुस्तक व्हर्जिनिया सिटीतले असे अनेक गुत्ते शेजारी शेजारी ठेवून पाहते. या क्षेत्रात शिरणाऱ्याने आधी तेच वाचावे असे मी म्हणेन.

याच्या उलट उदाहरण ज्युलिया ब्युलेटचे. 1867 च्या जानेवारीत या वेश्येचा खून झाला आणि पुढच्या वर्षी जॉन मिलेन या माणसाला फाशी झाली. गावाच्या अग्निशमन तुकडीने तिला मानद सदस्य केले होते, हे खरे. विसाव्या शतकात मात्र ती प्रासादात राहणारी, हिऱ्यांनी लगडलेली, सोन्याच्या काळजाची महाराणी झाली. तिच्या मृत्यूनंतर कोर्टात झालेली मालमत्तेची मोजदाद पाहावी. दोन खोल्यांचे भाड्याचे घर, थोडे कपडे-दागिने, आणि फेडता न येणारे कर्ज. मॅरियन गोल्डमन यांनी 1981 मध्ये या गावातल्या वेश्याव्यवसायावर लिहिलेल्या अभ्यासाने असल्या कथांची हवा पुरती काढली. पण पर्यटकाला महाराणीच लागते. 1959 पासून चौदा वर्षे चाललेल्या ‘बोनान्झा’ या दूरचित्रवाणी मालिकेने गावाचे पोट भरले हे नाकारता येत नाही, आणि त्याच मालिकेने गावाचा इतिहास लिहिणे अवघड करून ठेवले हेही. मला स्वतःला या दंतकथांचा राग येत नाही. त्यांनी इमारती वाचवल्या. फक्त पर्यटकाला सांगायची गोष्ट आणि दप्तरातली नोंद एकाच पिशवीत टाकू नये.

आतापर्यंत वाचकाला वाटले असेल की हा विषय गुत्त्यांचा आणि वेश्यांचा आहे. तसा तो नाही. गावातली बहुसंख्य माणसे रोज पाळी करून घरी येणारी होती. खाली जमीन तापलेली; तीन हजार फुटांवर यलो जॅकेट खाणीत फुटलेले पाणी 76 अंश सेल्सिअसच्या आसपास होते. माणसे कमरेपर्यंत उघडी, काही मिनिटे काम, मग बर्फ. खनिज इतके भुसभुशीत की खोदलेली पोकळी अंगावर येई. फिलिप डाइडसहाइमर या जर्मन अभियंत्याने 1860 मध्ये चौकोनी लाकडी सांगाड्यांवर सांगाडे रचण्याची रीत काढली, तेव्हा कुठे खोल जाता आले. त्या लाकडांना आग लागली की खाण म्हणजे भट्टी. 7 एप्रिल 1869 ला यलो जॅकेटमध्ये तसेच झाले आणि निदान 35 माणसे गेली.

या माणसांची युनियन जगातल्या खाणकामगारांच्या इतिहासात महत्त्वाची आहे. जमिनीखाली उतरणाऱ्या प्रत्येकाला, कसबी असो वा बिनकसबी, दिवसाला चार डॉलर, हा तिचा आग्रह, आणि तो तिने बराच काळ टिकवला. आजारी सभासदाला मदत, मेलेल्याला अंत्ययात्रा, सभागृह, वाचनालय, सगळे तिने उभे केले. याच युनियनच्या लोकांनी 1869 मध्ये रेल्वेचा मार्ग घालणाऱ्या चिनी मजुरांवर चाल करून त्यांना हुसकले, आणि गावच्या हद्दीत चिन्यांना कामाला लावणार नाही असे कंपनीकडून कबूल करून घेतले. खाणीत तर चिनी माणसाला उतरूच देत नसत. एकजूट आणि बहिष्कार हे दोन्ही एकाच सभागृहात मंजूर झाले. जुन्या कामगार-इतिहासाने पहिले सांगितले, नंतरच्या वंश-इतिहासाने दुसरे. रोनाल्ड जेम्स यांचे 1998 चे ‘द रोअर अँड द सायलेन्स’ हे पुस्तक दोन्ही सोडत नाही, म्हणून ते मला उजवे वाटते. त्याच वर्षी त्यांनी आणि एलिझाबेथ रेमंड यांनी संपादित केलेला कॉमस्टॉकच्या स्त्रियांवरचा लेखसंग्रह तितकाच कामाचा. त्यात शिंपिणी आहेत, शिक्षिका आहेत, नन आहेत.

या शाखेचा वंशवृक्ष लांबलचक सांगायची गरज नाही. चार्ल्स शिन यांनी 1885 मध्ये खाणतळांना लोकशाहीची पाळणाघरे ठरवले. 1893 मध्ये फ्रेडरिक जॅक्सन टर्नर यांनी सरहद्दीने अमेरिकन माणूस घडवला असा सिद्धांत मांडला. 1960 च्या दशकात रॉडमन पॉल आणि ड्युएन स्मिथ यांनी दाखवले की खाणीची सरहद्द शेतीच्या सरहद्दीसारखी नव्हतीच. ती पहिल्या दिवसापासून शहरी, भांडवली आणि परदेशी माणसांची होती. 1987 मध्ये पॅट्रिशिया लिमरिक यांनी ‘सरहद्द’ या कल्पनेलाच हात घातला आणि विचारले, कुणाची सरहद्द? त्यानंतर गावागावांचे बारकाईचे अभ्यास वाढले. मोंटानातल्या ब्यूटच्या आयरिशांवर डेव्हिड एमन्स यांनी लिहिले आणि आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकावरच्या तांब्याच्या खाणींपासून ब्यूटपर्यंतचा धागा जोडला. कॉर्नवॉलच्या खाणकामगारांचा तर जगभर तसाच माग काढता येतो, आणि त्यातले काही आपल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत येतात.

अलीकडे नदीच्या गाळानेही साक्ष दिली आहे. खनिजातून चांदी वेगळी करायला पारा लागे, आणि त्यातला बराच वाहून जाई. कार्सन नदीच्या खोऱ्यात असा सुमारे 1 कोटी 40 लाख पौंड पारा गेला असा अंदाज आहे. 1990 मध्ये तो सारा पट्टा केंद्र सरकारच्या विषारी स्थळांच्या यादीत आला. तिथले मासे जपून खा अशा सूचना आजही आहेत. ताहो सरोवराभोवतीची जंगले खाणींच्या सांगाड्यांसाठी तोडली गेली. तिथे आज दिसणारी झाडे बहुतेक नंतरची आहेत.

आता मराठी वाचकाने यात का पडावे? कुतूहल पुरेसे आहे. पण एक नाते पैशाचेही आहे. 1870 च्या दशकात जर्मनीने चांदीचे चलन सोडले, पाठोपाठ इतर देशांनी हात आखडला, आणि त्याच वेळी नेव्हाडाची चांदी बाजारात येत होती. भाव उतरू लागला. आपला रुपया चांदीचा. दशकाच्या सुरुवातीला जवळजवळ दोन शिलिंगांचा असलेला रुपया 1892-93 पर्यंत सव्वा शिलिंगावर आला. इंग्लंडला सोन्यात द्यायची देणी भागवायला हिंदुस्थान सरकारला दरवर्षी जास्त रुपये मोजावे लागले. तोवर कुणीही चांदी घेऊन मुंबईच्या टांकसाळीत जावे आणि तिचे रुपये पाडून घ्यावेत अशी मुभा होती. 26 जून 1893 ला सिमल्यात कायदा झाला आणि ती मुभा बंद झाली. जगातले एक मोठे गिऱ्हाईक उठले. काही दिवसांतच चांदीचा भाव कोसळला आणि जून संपता संपता कोलोरॅडोतल्या खाणी व भट्ट्या बंद होऊ लागल्या. ॲस्पेन, लेडव्हिल यांसारख्या चांदीच्या गावांतल्या हजारो माणसांनी बोचकी बांधली. अमेरिकेत तेव्हा आर्थिक अरिष्ट आधीच सुरू होते, हे धरूनही सिमल्याच्या कागदाचा वाटा मोठा आहे.

पंचवीस वर्षांनी चक्र उलटे फिरले. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात चांदीची टंचाई झाली, नोटा देऊन रुपये मागणाऱ्यांची गर्दी वाढली. 1918 मध्ये अमेरिकेने कायदा करून सुमारे 27 कोटी चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यातली बहुतांश चांदी हिंदुस्थानसाठी ब्रिटनला विकली. तो कायदा आणणारे सिनेटर की पिटमन नेव्हाडाचेच, टोनोपाह या खाणगावात वकिली केलेले. वितळवलेल्या डॉलरांत कार्सन सिटीच्या टांकसाळीत कॉमस्टॉकच्या चांदीतून पाडलेलेही असणार. कोणता रुपया कोणत्या डोंगरातला हे सांगता येणार नाही. पण तिकडच्या गावाच्या इतिहासात मुंबईची टांकसाळ एक पात्र आहे, आणि तिच्या बाजूने ही गोष्ट लिहायला मराठी अभ्यासक अमेरिकन अभ्यासकापेक्षा सोयीच्या जागी बसलेला आहे.

ज्याला प्रत्यक्ष काम करून पाहायचे असेल त्याने मोठ्या प्रश्नाने सुरुवात करू नये. एक घर घ्यावे. सॅनबॉर्नच्या नकाशावर एक पिवळा चौकोन निवडावा. हे नकाशे आणि 1950 पर्यंतच्या जनगणनेची पाने आता घरबसल्या पाहता येतात. त्या गल्लीचे 1880 चे पान काढावे आणि मोजणारा कोणत्या दिशेने चालत गेला याचा अंदाज घेत घर जुळवावे. मग ‘गोल्ड हिल डेली न्यूज’चे त्या आठवड्यांचे अंक चाळावेत, आणि डोटनच्या रोजनिशीत त्या तारखा पाहाव्यात. मालकी कुणाची होती हे परगण्याच्या कचेरीतल्या खरेदीखतांत मिळेल; 1875 च्या आगीनंतर बांधलेली ती इमारत अजून कचेरी म्हणूनच वापरात आहे. घरात राहणारी बाई, भाडेकरू, कर्ज, आग, पुन्हा बांधणी, असे पाच-सात धागे हाती येतात. 1880 नंतर बहुधा धागा तुटतो. माणसे ब्यूटला गेली की बोडीला, टूमस्टोनला की परत कॉर्नवॉलला, हे शोधायला दुसऱ्या गावाचे दप्तर उघडावे लागते, आणि तिथेही पहिली नोंद बहुधा भाडेकरू म्हणूनच सापडते.